नशेच्या कारणावरून नोकरी गेली, तर बेकारी भत्ता मिळतो का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ लोट्याच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. सात वर्षं कायम कामगार म्हणून काम, महिन्याला एकूण पगार १८,००० रुपये, ईएसआय आणि पीएफ दोन्ही कापले जातात. शिमग्याची सुट्टी संपवून तो कामावर गेला तेव्हा गेटवर लघवीची चाचणी घेतली आणि गांजा निघाला म्हणून त्याला निलंबित केलं. आता ऑफिसमध्ये बोलावून सांगतात, “राजीनामा दे, नाहीतर बडतर्फ करू आणि पोलिसांत देऊ.” घरात आईचं औषधपाणी त्याच्याच पगारावर चालतं. त्याला सरकारचा बेकारी भत्ता मिळेल का? आणि पीएफ, ग्रॅच्युइटी बुडेल का?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. भावाने अजून कुठल्याही कागदावर सही केली नसेल, तर हे पूर्ण वाचून होईपर्यंत करू देऊ नका. निलंबित माणूस अजून नोकरीतच असतो. पुढच्या पैशांचं काय होणार हे बरंचसं नोकरी संपवणाऱ्या कागदावर कोणता शब्द पडतो त्यावर ठरतं. भावाच्या लघवीत काय निघालं, यापेक्षा तो शब्द जास्त महत्त्वाचा आहे.

थोडक्यात सांगायचं तर, गैरवर्तनाची शिक्षा म्हणून बडतर्फ केलं तर ईएसआयचा बेकारी भत्ता मिळत नाही. पीएफ बुडत नाही. ग्रॅच्युइटी आपोआप बुडत नाही, ती अडवायला कंपनीला वेगळं कारण आणि वेगळा हुकूम लागतो. केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि बहुतेक वेळा बोनससुद्धा त्याच्याच हक्काचे राहतात.

आता एकेक नीट पाहू.

बेकारी भत्ता म्हणजे नेमकं काय

अमेरिकेतल्या माहितीवर विसंबू नका. तिथे प्रत्येक राज्याचा बेकारी विमा वेगळा असतो. नशेमुळे काढलेल्या अर्जदाराची चाचणी घेण्याची मुभा राज्यांना २०१२ च्या केंद्रीय कायद्याने दिली. नातेवाईक तिथले नियम पाठवतात आणि माणूस गोंधळतो. आपल्याकडे खाजगी कारखान्यातल्या कामगारासाठी बेकारीचा आधार मुख्यतः कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयसीच्या, दोन योजनांतून येतो.

पहिली योजना १ एप्रिल २००५ पासूनची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर हिच्यातून एकूण २४ महिने भत्ता मिळतो. पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. शिस्तभंगाच्या कारवाईने गेलेली नोकरी आणि आपणहून सोडलेली नोकरी हिच्यात बसत नाही. तुमच्या भावाचा हिच्याशी संबंध नाही, म्हणून हिच्यावर वेळ घालवत नाही.

दुसरी, १ जुलै २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. लोक “ईएसआयचा बेकारी भत्ता” म्हणतात तो हा. सुरुवातीला दर २५ टक्के होता, २४ मार्च २०२० पासून तो ५० टक्के झाला. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. योजना मुदतीची आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे अर्जाच्या आधी शाखा कार्यालयात “सध्या चालू आहे ना” एवढं विचारून घ्या.

तिच्या अटींत एक ओळ तुमच्या कामाची आहे: बेकारी ही गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे, वयोमानाच्या निवृत्तीमुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली नसावी. अटीत “नशा”, “गांजा”, “दारू” असा शब्द कुठेच नाही. दार बंद होतं ते “शिक्षा” या शब्दाने. दारू पिऊन आलेला, सुपरवायझरला मारणारा आणि माल चोरणारा या सगळ्यांना ती ओळ सारखीच लागते. नशा केलेल्याला पण शिक्षा न झालेल्याला ती लागत नाही.

बाकीच्या अटी अशा. बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. वर्गणीचा काळ सहा-सहा महिन्यांचा असतो, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी निदान एकात ७८ दिवसांची. दोन मालकांकडे विमा असेल तर दोन्हीकडची नोकरी गेलेली हवी. अर्ज बेकार झाल्यापासून ३० दिवसांनी करता येतो आणि एका वर्षाच्या आत करावा लागतो.

रक्कम किती, याचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. मागच्या चार वर्गणी काळांतली एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात, म्हणजे रोजची सरासरी. भावाचे महिना १८,००० धरले, तर २४ महिन्यांचे ४,३२,०००. भागिले ७३०, रोज सुमारे ५९१.७८ रुपये. त्याचे निम्मे २९५.८९. ९० दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये. मध्ये चार महिने काम नसलं तरी भागणारा आकडा ७३०च राहतो, म्हणून खंड पडलेल्या माणसाला भत्ता कमी येतो. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, तेव्हा त्या पगारावरच्या माणसालाही हा भत्ता ३१,००० च्या आसपास जातो, फार पुढे नाही.

हा आकडा लक्षात ठेवा. ऑफिसमधला माणूस “राजीनामा दिलास तर भत्ता तरी मिळेल” असं सांगून सही घेतो, तेव्हा तो सव्वीस हजारांच्या गोष्टीसाठी सात वर्षांची नोकरी मागत असतो.

बडतर्फी, सेवामुक्ती, राजीनामा आणि “उद्यापासून येऊ नको”

बडतर्फी ही शिक्षा. आरोपपत्र, उत्तर, चौकशी, हुकूम असा तिचा रस्ता असतो. ही झाली की अटल योजनेचा अर्ज नाकारला जाणार हे धरून चाला.

सेवामुक्ती म्हणजे नुकसानभरपाई किंवा नोटिशीचा पगार देऊन, कलंक न लावता नोकरी संपवणं. हुकमात गैरवर्तनाचा उल्लेख नसेल तर अटल योजनेची ती ओळ आड येत नाही. पण कंपनीने शिक्षाच केली आणि वरून साधी सेवामुक्ती दाखवली, तर न्यायालय कागदाचा पडदा बाजूला करून मागचं खरं कारण पाहू शकतं. कामगाराच्या बाजूनेही हे उपयोगी पडतं.

राजीनामा. अटल योजनेच्या अटीत “स्वेच्छानिवृत्ती” आहे, “राजीनामा” असा शब्द नाही. तरी अधिकारी “आपणहून सोडली” या मुद्द्यावर अर्ज अडवू शकतो, आणि मग उत्तर द्यायला हातात काही नसतं, कारण सही भावाचीच असते. शिवाय राजीनामा दिला की “मला काढलं” म्हणून कामगार न्यायालयात जाण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. “दबावाखाली सही केली” हे सिद्ध करणं फार कठीण. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने राजीनामा मागे घेत असल्याचं लिहून पाठवलं असेल, तरच त्या म्हणण्याला वजन येतं.

मग राजीनामा कधीच देऊ नये का? तसंही नाही. चाचणी पक्की आहे, तो कामावर खरोखर नशेत होता, कंपनी अनुभवपत्र आणि ग्रॅच्युइटीचा आकडा लिहून द्यायला तयार आहे आणि भावाला दुसरीकडे काम मिळण्याची शक्यता आहे, तर स्वच्छ राजीनामा बडतर्फीपेक्षा बरा ठरू शकतो. रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात, लोट्यापासून महाड-रोह्यापर्यंत, पुढचा मालक आधीच्या ठिकाणी विचारणा करतोच. पण हा निर्णय घरी बसून, आकडे समोर ठेवून घ्यायचा. ऑफिसच्या खुर्चीवर बसून, मागची तारीख टाकून, कधीच नाही.

ठेकेदाराच्या माणसाचं वेगळं आहे. त्याला कागदच मिळत नाही. गेटवर कार्ड घेतात आणि “उद्यापासून येऊ नको” सांगतात. मालक ईएसआयच्या मासिक भरण्यात कारणाचा आकडा टाकतो. त्यात २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात, ११ म्हणजे काम नाही. ठेकेदार बहुतेकदा २ टाकतो. चौकशी नाही, हुकूम नाही, म्हणजे शिक्षाही नाही. अशा माणसाने अर्ज करावा, खरं ते लिहावं, आणि बेकारी शिक्षेमुळे आलेली नाही हे सांगावं, कारण ते खरंच असतं. मात्र बडतर्फीचा हुकूम हातात असताना तो लपवून अर्ज करू नका. खोटं निवेदन करून लाभ घेणं हा गुन्हा आहे, आणि घेतलेले पैसेही परत भरावे लागतात.

अर्ज कुठे अडकतो

अर्ज ईएसआयसीच्या संकेतस्थळावर दहा आकडी विमा क्रमांकाने लॉगिन करून होतो. आधार आणि बँक खात्याच्या पासबुकाची प्रत जोडायची आणि छापील प्रत सही करून शाखा कार्यालयात द्यायची किंवा पोस्टाने पाठवायची. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.

अडकण्याची कारणं नेहमीची आहेत. आधारवरचं नाव आणि विम्यातलं नाव जुळत नाही (कोकणात वडिलांचं नाव मध्ये, आडनाव कधी पुढे कधी मागे, त्यामुळे हे फारच होतं). बँका एकत्र झाल्यावर आयएफएससी बदलला आणि विम्यात जुनाच राहिला. मालकाने नोकरी संपल्याची तारीख भरलीच नाही, त्यामुळे यंत्रणेत माणूस अजून नोकरीत दिसतो. आणि निलंबनाच्या काळात वर्गणी भरली नाही, म्हणून ७८ दिवस पुरत नाहीत.

हे शेवटचं तुमच्या भावाला लागू आहे. निलंबनातला निर्वाह भत्ता ईएसआयसाठी वेतनच धरला जातो, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच तसं सांगितलं आहे. म्हणून त्या भत्त्यावरही कामगाराची ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के वर्गणी भरली गेली पाहिजे. दर महिन्याला संकेतस्थळावर वर्गणीचा तपशील पाहा. दिवस शून्य दिसले तर लगेच कंपनीला लेखी कळवा, नंतर नाही.

निर्वाह भत्ता मिळतोय का?

निलंबन म्हणजे बिनपगारी घरी बसणं नाही. पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के, उशीर कामगारामुळे होत नसेल तर. औद्योगिक संबंध संहितेनुसार चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची असते. कंपनी भत्ता देत नसेल तर कामगाराला चौकशीत बचाव करणंच अवघड होतं, आणि भत्ता न देता केलेली चौकशी न्यायालयात टिकवणं कंपनीला जड जातं. म्हणून भत्ता मागणारं पत्र आजच द्या. सोबत “मी दुसरीकडे नोकरी करत नाही” असं लिहून द्यावं लागतं, तेही द्या आणि त्याची प्रत ठेवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार एकत्रित कायदे) लागू झाल्या आहेत. स्थायी आदेशांची, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांची, सक्ती आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. कारखाना त्याहून लहान असला तरी आरोप सांगणं, उत्तराची संधी देणं, साक्षीदार तपासू देणं यातून सुटका नाही.

चाचणीबद्दल

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक प्रकरणं इथेच जिंकली किंवा हरली जातात.

गेटवर वापरतात ती पट्टी किंवा कार्ड ही फक्त चाळणी. ती “असावं” एवढंच सांगते. पक्कं निदान प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने, वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर करावं लागतं. चाळणीला फसवणाऱ्या गोष्टी आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अफूच्या गटात पॉझिटिव्ह दाखवतं. खसखस खाल्ल्यावरही मॉर्फिनचे अंश लघवीत येऊ शकतात, म्हणजे दिवाळीत अनारशांचा डबा रिकामा करणाऱ्याला हे सांगता आलं पाहिजे. काही सर्दी-ॲसिडिटीची औषधंही गोंधळ करतात. पण खसखशीने गांजा दिसत नाही, ती सबब तुमच्या भावाने देऊ नये. चुकीची सबब एकदा दिली की खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

गांजाचा खरा मुद्दा वेगळा आहे. लघवीतली चाचणी शरीराने गांजाचं जे रूपांतर केलं ते शोधते. ते चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. एकदाच ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही दिवस दिसतं, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभरही. म्हणून पॉझिटिव्ह अहवाल “कधीतरी घेतला होता” हे सांगतो, “पाळीवर असताना नशेत होता” हे सांगत नाही. आरोपपत्रात काय लिहिलंय ते नीट वाचा. “कामावर नशेच्या अंमलाखाली आला” असं असेल, तर कंपनीला जास्तीचा पुरावा द्यावा लागेल: चाल, बोलणं, डोळे, डॉक्टरांची त्याच वेळची तपासणी, साक्षीदार. “कंपनीच्या धोरणानुसार चाचणीत पॉझिटिव्ह आला” असं असेल, तर ते धोरण भावाला कधी दिलं, मराठीत दिलं का, सही आहे का, हे विचारायचं.

लेखी मागायच्या गोष्टी: नमुना घेताना दिलेली संमती, नमुना दोन बाटल्यांत वेगळा सीलबंद केला होता का, बाटलीवर कोणाची सही, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, पक्क्या चाचणीचा अहवाल, आणि त्या आठवड्यात भावाने कोणती औषधं घेतली याची नोंद केली होती का. यातलं एक जरी नसेल तरी आरोप संपत नाही, पण शिक्षा फार जड आहे असं म्हणता येतं.

आणि एक स्पष्ट बोलतो. भाऊ जर रिॲक्टर, बॉयलर किंवा ज्वालाग्राही द्रावकांच्या टाकीवर असेल, तर न्यायालय “पहिलीच चूक” म्हणून सहज सोडेल अशी आशा धरू नका. लोट्यासारख्या ठिकाणी एका माणसाची चूक पाळीतल्या सगळ्यांच्या जिवावर येते. तिथे बाजू मांडायची ती अशी: सात वर्षांचा स्वच्छ नोंदवहीचा इतिहास, उपचाराची तयारी, धोक्याच्या कामावरून दुसऱ्या विभागात बदलीची विनंती. पॅकिंगला किंवा स्टोअरला असलेल्या माणसाचं प्रकरण याच्यापेक्षा हलकं असतं.

पोलिसांची धमकी

लघवीत गांजा निघणं म्हणजे गांजा जवळ बाळगणं नव्हे. सेवन हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार जो व्यसनी आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला जातो आणि ते पूर्ण करतो, त्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतून खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणून उपचार पोलीस दारात येण्याआधी सुरू झालेले बरे. “पोलिसांत देऊ” या धमकीखाली दिलेला राजीनामा हा सगळ्यात महाग राजीनामा असतो.

पीएफ

पीएफ भावाचाच पैसा आहे. बडतर्फ झाला तरी त्याचा आणि मालकाचा दोन्ही हिस्सा त्याचाच. बेकार झाल्यावर ७५ टक्के काढता येतात. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तो काळ १२ महिन्यांचा, आणि पेन्शनची रक्कम काढण्याचा ३६ महिन्यांचा करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा घरखर्चाचा हिशेब ७५ टक्क्यांवरच बांधा.

नोकरी संपल्याची तारीख मालकाने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः संकेतस्थळावर ती टाकू शकतो. त्यासाठी मालकाच्या मागे फिरत बसू नका.

पेन्शनबाबत माझं मत ठाम आहे. भावाची सेवा सात वर्षं, दहा पूर्ण नाहीत, त्यामुळे त्याला रक्कम काढण्याचा किंवा योजना प्रमाणपत्र (झालेली सेवा पुढे जोडून घेण्याचा कागद) घेण्याचा पर्याय आहे. प्रमाणपत्रच घ्यावं. पुढे कुठेही तीन वर्षं पीएफखाली काम झालं की दहा वर्षं पूर्ण होतात आणि पेन्शनचा हक्क येतो. रक्कम काढली की सात वर्षं पुसली जातात.

ग्रॅच्युइटी

पाच वर्षं सलग झाली, हक्क तयार झाला. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला नव्या संहितेत एका वर्षानंतरच मिळते.

ती अडवण्याचे रस्ते मोजकेच आहेत. मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर तेवढ्या नुकसानीपुरती. दंगा, हिंसा, किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून सेवा संपवली असेल तर अंशतः किंवा पूर्ण. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नैतिक अधःपतनाच्या कारणासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच पाहिजे असं नाही. म्हणून कंपनी हा मुद्दा घेईल. उत्तर असं: सुट्टीत केलेलं सेवन “कामाच्या ओघात” नाही, आणि व्यसन हा आजार आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती येतात. कंपनीच्या आवारात गांजा विकताना सापडलेल्या माणसाला मात्र हे उत्तर नाही.

हिशेब: शेवटचं वेतन × १५ ÷ २६ × वर्षं. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात. आता गंमत नव्या “वेतन” व्याख्येत आहे. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवून बाकी भत्त्यांत दाखवला असेल, तर एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असलेले भत्ते वेतनात परत धरले जातात. भावाच्या १८,००० पैकी मूळ ७,००० असला तरी हिशेब ९,००० वर करावा लागतो: ९,००० × १५ ÷ २६ × ७ = सुमारे ३६,३४६ रुपये. मूळ आणि महागाई मिळून १२,००० असेल तर ४८,४६२. कंपनीने काय आकडा दिला तो यावर ताडून पाहा. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवेत, उशिरावर व्याज.

बाकीचे पैसे पटकन सांगतो. काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत केलेल्या कामाचं वेतन, हे वेतन संहितेत स्पष्ट आहे. शिल्लक रजेचे पैसे बडतर्फ माणसालाही मिळतात. बोनस जातो तो फसवणूक, आवारातली दंगल किंवा हिंसा, चोरी, अफरातफर, घातपात आणि लैंगिक छळासाठी शिक्षा या कारणांसाठी, नुसत्या चाचणीसाठी नाही. कपातीची भरपाई मात्र शिक्षेच्या बडतर्फीला नाही, आणि नव्या संहितेतला कपात झालेल्या कामगाराचा १५ दिवसांच्या वेतनाचा पुनर्कौशल्य निधीही नाही.

उपचार आणि विम्याची खिडकी

नोकरी गेली म्हणून ईएसआयचा दवाखाना दुसऱ्या दिवशी बंद होत नाही. ज्या वर्गणी काळात ७८ दिवस भरले, त्याच्याशी जोडलेल्या लाभकाळाच्या शेवटापर्यंत वैद्यकीय लाभ चालू राहतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर. म्हणजे भाऊ एप्रिल-मेमध्ये बाहेर पडला आणि मार्चपर्यंतची वर्गणी पूर्ण असेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत त्याला दवाखाना आहे. याच खिडकीत व्यसनमुक्तीचे उपचार, मानसोपचार तज्ज्ञाकडे संदर्भचिठ्ठी, सगळं करून घ्या. आईचं नाव विम्यात अवलंबित म्हणून असेल तर तिचं औषधही याच काळात तिथून घेता येईल. ही सोय तर सगळ्यात आधी वापरा.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. उपचाराची पहिली चिठ्ठी मिळाली की तिची प्रत चौकशी अधिकाऱ्याला द्या. ती दया मागण्यासाठी नाही, शिक्षा ठरवताना विचारात घ्यायचा पुरावा म्हणून.

आव्हान द्यायचं असेल तर

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना व अनुचित प्रथा कायद्यात तक्रारीची मुदत ९० दिवस आहे, आणि “गैरवर्तनाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी जड शिक्षा” हे तिथे लिहिलेलं कारण आहे. औद्योगिक संबंध संहितेखाली समेट अधिकाऱ्याकडे (तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जाण्याची मुदत दोन वर्षांची. नव्या संहितांनंतर पहिला अर्ज कुठे करायचा हे वकिलाकडून किंवा युनियनकडून ठरवून घ्या, पण कॅलेंडरवर खूण ९० दिवसांची करा. सगळ्यात लहान मुदत पाळली की मोठी आपोआप पाळली जाते.

समेट अधिकाऱ्यासमोर तडजोड होत असेल तर तिथे मागायची गोष्ट म्हणजे शब्द. बडतर्फीचा हुकूम मागे घेऊन साधी सेवामुक्ती, कलंक नाही, ग्रॅच्युइटीचा आकडा समझोत्यातच. मग अटल योजनेचा अर्ज खऱ्या, सही झालेल्या कागदावर करता येतो, एक वर्षाची मुदत अजून हातात असेल तर. रोख पाच-दहा हजार जास्त मिळवण्यापेक्षा हा शब्द बदलून घेणं जास्त मोलाचं आहे.

जे ईएसआयमध्ये नाहीत

किनारपट्टीवर असे पुष्कळ आहेत. मच्छीमार बोटीवर वाट्यावर काम करणारे खलाशी, आंब्याच्या हंगामातले मजूर, दहापेक्षा कमी माणसांची हॉटेलं. त्यांना अटल योजना नाही. पण धोक्याच्या प्रक्रियेचा कारखाना असेल तर एक माणूस असला तरी आता ईएसआय लागू होतो, हे रसायनांच्या छोट्या युनिटमधल्या मुलांना माहीत नसतं. गावात परत गेलेल्याने रोजगार हमीचं काम मागताना नोकरी का गेली हे कोणी विचारत नाही, तो हक्क काम मागणाऱ्याचा आहे.

विदेशी जहाजांवरच्या मुलांचं वेगळंच. सागरी कामगार करारात बेकारीची भरपाई आहे, पण ती जहाज बुडालं किंवा नष्ट झालं तर, आणि दोन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करता येते. नशेसाठी उतरवलेल्याला ती लागू नाही. उलट गंभीर कसूर ठरली तर घरी पाठवण्याचा खर्चही त्याच्याकडून वसूल होऊ शकतो.

ताई, या आठवड्यात करायचं ते एवढंच: राजीनाम्यावर सही नाही, निर्वाह भत्ता आणि चाचणीचे कागद मागणारं पत्र पोच घेऊन द्या, ईएसआय आणि पीएफच्या संकेतस्थळावर नाव, आधार, बँक जुळतंय का पाहा, आणि भावाला दवाखान्यात घेऊन जा. आरोपपत्र आलं तर उत्तराच्या मुदतीचा शेवटचा दिवस गाठू नका.